उंचीवर गेल्यावर थिजणारा किंवा हरवणारा ट्रॅकर: फुगे आणि विमानांवरील एपीआरएसचे समस्या निवारण

एपीआरएस ही हौशी रेडिओवरून आपली जागा छोट्या डिजिटल संदेशांत, म्हणजे पॅकेटांत, कळवण्याची पद्धत आहे. फुग्याखाली टांगायचा एपीआरएस ट्रॅकर गच्चीवर, गाडीत आणि मोकळ्या मैदानावर बिनचूक चालतो आणि त्याची पॅकेटे नकाशावर नेमाने उमटतात. तोच ट्रॅकर आकाशात गेल्यावर चाळीसेक मिनिटांत एका जागी थिजतो, किंवा अजिबात ऐकू येईनासा होतो. ही तक्रार हौशी रेडिओवाल्यांमध्ये वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत येत राहते, आणि दर वेळी बॅटरी बदला, अँटेना बदला, प्रक्षेपणाची ताकद वाढवा असेच सल्ले दिले जातात. यांपैकी ताकद वाढवण्याचा सल्ला तर बहुतेक वेळा परिस्थिती बिघडवतो.

जमिनीवर योग्य असलेल्या काही सेटिंगा उंचीवर चुकीच्या ठरतात आणि जमिनीवरच्या नेहमीच्या चाचणीत हे कधीच उघड होत नाही, हे या बिघाडाचे मूळ आहे. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी दोष तीनपैकी कोणत्या जातीचा आहे हे ठरवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिली शक्यता ही, की ट्रॅकर प्रक्षेपणच करत नाही. दुसरी ही, की तो प्रक्षेपण करतो पण ते पॅकेट कोणत्याही ग्राहकाला (रिसीव्हरला) उलगडत नाही. तिसरी ही, की पॅकेट उलगडते, पण त्यातली जागा किंवा उंची खोटी असते. नकाशाकडे पाहून या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, कारण तिन्हींत चिन्ह पुढे सरकत नाही.

फरक कळतो तो कच्च्या पॅकेटांवरून. एपीआरएस डॉट एफआय या संकेतस्थळावर प्रत्येक स्थानकाची कच्ची पॅकेटे पाहता येतात, आणि जी पॅकेटे नकाशावर घेतली गेली नाहीत त्यांच्यापुढे ती का नाकारली याचा शेराही असतो: जागा अशक्य वेगाने बदलली, पॅकेट दुबार आले, जागा अवैध आहे, इत्यादी. मात्र तिथे दिसते ते आयगेटने, म्हणजे पॅकेटे ऐकून इंटरनेटवर टाकणाऱ्या स्थानकाने, पोचवलेले तेवढेच. म्हणून पाठलागाच्या गाडीत स्वतःचा ग्राहक आणि डायर वुल्फसारखा उकल करणारा प्रोग्रॅम चालू ठेवून त्याची नोंद जपून ठेवावी. गाडीतल्या नोंदीत पॅकेट आहे आणि इंटरनेटवर नाही, असे आढळले तर दोष ट्रॅकरमध्ये नसून आयगेटच्या विरळपणात आहे. भारतात आयगेट विरळच असल्यामुळे इथे हे विशेष लक्षात ठेवावे लागते. दख्खनच्या पठारावरून फुगा सोडणाऱ्या गटाने सिंहगडासारख्या उंच जागी एक ग्राहक आणि मोबाइल इंटरनेट घेऊन माणूस बसवला, तर त्या एका आयगेटाने जे साधते ते ट्रॅकरची ताकद दुप्पट करून साधत नाही.

बारा किलोमीटरवर थिजलेली जागा

पॅकेटे येत राहतात, पण अक्षांश, रेखांश आणि उंची तीच ती राहते, किंवा जागेच्या ठिकाणी शून्ये येऊ लागतात, असे दिसले की सर्वप्रथम शेवटच्या खऱ्या उंचीचा आकडा पाहावा. एपीआरएसच्या पॅकेटात उंची फुटांत आणि सहा अंकांत लिहिलेली असते. तो आकडा ३९,००० च्या आसपास थांबला असेल तर फुगा १२ किलोमीटरवर होता. ५९,००० च्या आसपास थांबला असेल तर १८ किलोमीटरवर. या दोन्ही आकड्यांना स्वतंत्र कारण आहे.

१८ किलोमीटरची मर्यादा निर्यात नियंत्रणाच्या जुन्या नियमांतून आली. जीपीएस ग्राहक क्षेपणास्त्रांत वापरले जाऊ नयेत म्हणून १८,००० मीटर उंची आणि १,००० नॉट वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ५१५ मीटर, या सीमा ठरल्या. काही उत्पादकांनी दोन्ही सीमा एकाच वेळी ओलांडल्या तरच ग्राहक बंद पडेल अशी रचना केली, तर काहींनी कोणतीही एक ओलांडली तरी बंद पडेल अशी केली. फुग्याचा वेग मामुली असतो, त्यामुळे पहिल्या प्रकारचा ग्राहक ३० किलोमीटरपर्यंत निर्वेध चालतो आणि दुसरा १८ किलोमीटरवर आंधळा होतो. त्यावर सेटिंगचा इलाज नाही. ग्राहक बदलावाच लागतो.

१२ किलोमीटरची गोष्ट वेगळी आहे, आणि फुगेवाल्यांना छळणारा खरा दोष हाच आहे. यू-ब्लॉक्स कंपनीचे जीपीएस ग्राहक या छंदात सर्वत्र वापरले जातात. ते वापराच्या परिस्थितीप्रमाणे हालचालीचे एक गणिती प्रारूप गृहीत धरतात. कारखान्यातून ते हातात बाळगण्याच्या उपकरणाचे प्रारूप लावून येतात आणि त्या प्रारूपाची उंचीची मर्यादा १२,००० मीटर आहे. हवाई प्रारूप निवडले, म्हणजे ज्याला सगळे फ्लाइट मोड म्हणतात तो लावला, तर मर्यादा निदान ५०,००० मीटरपर्यंत जाते. सातव्या-आठव्या पिढीच्या ग्राहकांत नॅव्ह-५ या संरचना संदेशातून सहा क्रमांकाचे प्रारूप निवडून हे करता येते. दहाव्या पिढीत संरचनेची पद्धत बदलली आहे, त्यामुळे जुना कोड तसाच उचलून नव्या ग्राहकाला जोडला तर आदेश मानला जाईल याची खात्री धरू नये.

इथपर्यंतची माहिती बहुतेकांना असते, तरीही फुगा १२ किलोमीटरवर थिजतोच. याचे कारण असे, की बहुतेक ट्रॅकरांचा कोड फ्लाइट मोडचा आदेश फक्त सुरुवातीला एकदा पाठवतो आणि ग्राहक ती सेटिंग कायमस्वरूपी साठवत नाही. उड्डाणात पुढे काय घडते ते क्रमाने पाहा. फुगा सेकंदाला पाच मीटर वेगाने चढत असेल तर चाळीस मिनिटांत तो १२ किलोमीटरवर पोचतो आणि बाहेरचे तापमान उणे ५० अंशांच्या आसपास उतरलेले असते. उष्ण कटिबंधात सोळा-सतरा किलोमीटरवर ते उणे ८० च्या जवळ जाते. थंडीमुळे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. प्रक्षेपक सुरू होताच अर्धा-पाऊण अँपिअर प्रवाह ओढतो, व्होल्टेज क्षणभर कोसळते, आणि त्या क्षणी मायक्रोकंट्रोलर (ट्रॅकरचा कोड चालवणारी चिप) तग धरतो पण जीपीएस ग्राहक मात्र नव्याने सुरू होतो. नव्याने सुरू झाल्यावर तो कारखान्यातल्या प्रारूपावर परततो. मायक्रोकंट्रोलरच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, म्हणून तो आदेश पुन्हा पाठवत नाही. फुगा फुटून १२ किलोमीटरच्या खाली आला की जागा पुन्हा जिवंत होते, आणि उतरल्यावर ट्रॅकर तपासला तर तो निर्दोष आढळतो. याच गुणामुळे हा दोष वर्षानुवर्षे सापडत नाही.

निवारणाचा पहिला भाग कोडमध्ये आहे. प्रत्येक पॅकेटापूर्वी, किंवा निदान दर दोन-तीन मिनिटांनी, ग्राहकाला सध्याचे प्रारूप कोणते आहे हे विचारावे. उत्तर सहा नसेल तर आदेश पुन्हा पाठवावा आणि ग्राहकाची पोच आल्याशिवाय तो मानला गेला असे समजू नये. प्रारूपाचा तो अंक पॅकेटाच्या टिप्पणीत घातला तर उड्डाण चालू असतानाच सारे स्पष्ट दिसते. दुसरा भाग विजेचा आहे. बॅटरीचे व्होल्टेज प्रक्षेपणाच्या आधी मोजण्यात अर्थ नाही. ते प्रक्षेपण चालू असताना मोजून पुढच्या पॅकेटात पाठवावे. अल्कलाइन सेल टाळावेत. लिथियमचे एकवार वापरायचे डबल-ए सेल उणे ४० अंशांपर्यंत काम करण्यासाठी बनवलेले असतात, आणि थर्मोकोलच्या बंद डब्यात ट्रॅकरच्या स्वतःच्या उष्णतेने आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर राहते. जीपीएस ग्राहकाच्या पुरवठ्याला वेगळा रेग्युलेटर आणि मोठा कपॅसिटर दिला तर कोसळण्याचा धक्का त्याच्यापर्यंत पोचत नाही.

उंची जमिनीवर निर्माण करता येत नसली तरी ही साखळी जमिनीवर तपासता येते. ट्रॅकर चालू असताना फक्त जीपीएस ग्राहकाचा पुरवठा क्षणभर तोडून पुन्हा जोडावा आणि टिप्पणीतला प्रारूपाचा अंक एक-दोन पॅकेटांत सहावर परततो का ते पाहावे. मग पूर्ण संच घरच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे सुमारे उणे १८ अंशांत, बॅटरीसह दोन तास ठेवून प्रक्षेपणाच्या वेळचे व्होल्टेज नोंदवावे. कोरडा बर्फ मिळत असेल तर चाचणी अधिक कठोर होते, पण ती हवेशीर जागेतच करावी. उड्डाणापूर्वीच्या सर्व तपासण्यांत मी या दोन तपासण्यांना पहिले स्थान देईन.

जागेच्या खोटेपणाची आणखी काही कारणे कोडमधल्या अंकांत लपलेली असतात आणि तीही उंचीवरच प्रकट होतात. आठ बिटांच्या आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डावर साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असते, त्यामुळे ती ३२,७६७ च्या पुढे गेली की ऋण होते. फुटांत हा टप्पा ९,९८७ मीटरवर येतो. चिन्हरहित संख्या वापरली असेल तर ६५,५३५ फुटांवर, म्हणजे जवळजवळ २० किलोमीटरवर, उंची अचानक शून्यावर येते. उंची या दोन आकड्यांपाशी उडी मारत असेल तर जीपीएसला दोष देऊ नये. ३२ बिटांची संख्या वापरली की प्रश्न मिटतो.

अक्षांश-रेखांशाच्या लेखनातली गफलत तर नव्याने कोड लिहिणाऱ्या प्रत्येक गटात दिसते. एपीआरएसमध्ये जागा दशांश अंशांत लिहीत नाहीत; अंश, मिनिटे आणि मिनिटाचे शंभरावे भाग अशी लिहितात. पुण्याचा अक्षांश १८.५२०४ अंश आहे आणि तो १८३१.२२ असा लिहायला हवा, कारण ०.५२०४ अंश म्हणजे ३१.२२ मिनिटे. कोणी दशांशचिन्ह सरकवून १८५२.०४ लिहिले तर जागा सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला जाते, आणि नकाशावर ती इतकी विश्वसनीय दिसते की पाठलागाची गाडी खरोखर तिकडे वळते. रेखांशाचे मात्र तसे केले तर ०७३८५.६७ असा आकडा येतो. मिनिटे साठच्या पुढे गेल्यामुळे तो अवैध ठरून नाकारला जातो. पूर्णांकन करताना ५९.९९६ मिनिटांचे ६०.०० होणे हाही असाच दोष आहे. त्याने अधूनमधून एखादेच पॅकेट नाकारले जाते आणि कारण कळत नाही. अमेरिकेत लिहिलेल्या कोडमध्ये पश्चिम रेखांशाचे अक्षर कायमचे लिहिलेले असेल तर पुण्यातून निघालेला फुगा हैतीत दिसतो. आणि जीपीएसला जागा सापडण्यापूर्वीच पॅकेट पाठवले तर शून्य अक्षांश, शून्य रेखांश, म्हणजे आफ्रिकेजवळचे गिनीचे आखात. जागा वैध असल्याची खूण जीपीएसकडून आल्याशिवाय जागेचे पॅकेट पाठवू नये. त्याऐवजी फक्त स्थितीचा मजकूर पाठवावा, म्हणजे ट्रॅकर जिवंत असल्याचे तरी कळते.

जागा थिजण्याचे एक कारण डब्यातच असते. प्रक्षेपणाच्या तारेजवळ जीपीएसचा अँटेना असेल तर प्रक्षेपणाच्या वेळी ग्राहक बधिर होतो. स्वस्त व्हिडिओ कॅमेऱ्याच्या विद्युत गोंगाटानेही तेच घडते. टिप्पणीत उपग्रहांची संख्या पाठवावी, कॅमेरा चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत ती पाहावी, आणि जीपीएसचा अँटेना डब्याच्या माथ्यावर, तर प्रक्षेपणाची तार खाली ठेवावी.

पॅकेट निघते, पण कोणाला उलगडत नाही

हा भाग समजण्यासाठी वाहिनीची रचना लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी घडवलेल्या एपीआरएसमध्ये एका प्रदेशातली सर्व स्थानके एकाच वारंवारितेवर बोलतात: उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ, युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झ. वेग सेकंदाला १,२०० बिट, म्हणजे सुरुवातीचा इशारा धरून एका साध्या पॅकेटाला जवळजवळ एक सेकंद लागतो. जमिनीवर हे निभते, कारण डोंगर, इमारती आणि पृथ्वीची वक्रता यांमुळे दूरची स्थानके एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. उंचीवर हे संरक्षण नाहीसे होते.

रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढायचे असेल तर मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणावे. १,५०० मीटरवर ते १६० किलोमीटर येते, १० किलोमीटरवर ४१२ आणि ३० किलोमीटरवर सुमारे ७१०. पुण्यावर ३० किलोमीटर उंच असलेल्या फुग्याच्या रेडिओ दृष्टीत हैदराबाद, अहमदाबाद आणि नागपूर ही तिन्ही शहरे येतात. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचपट आहे. उत्तर अमेरिकेत किंवा युरोपात एवढ्या वर्तुळात डिजिपीटर, म्हणजे ऐकलेले पॅकेट पुन्हा प्रसारित करणारी स्थानके, फार मोठ्या संख्येने असतात.

आता गाडीसाठी योग्य असलेला पाथ (पॅकेट कोणी आणि किती वेळा पुन्हा प्रसारित करावे हे सांगणारी त्यातली सूचना), म्हणजे वाइड१-१ आणि त्यापाठोपाठ वाइड२-१, तसाच फुग्यावर ठेवला तर काय होते? वाइड१-१ हा उंच डिजिपीटरांपर्यंत न पोचणाऱ्या गाड्यांसाठी आहे आणि त्याला घरोघरचे छोटे पूरक डिजिपीटरही प्रतिसाद देतात. फुग्याचे एक पॅकेट ऐकणारे सर्व डिजिपीटर ते जवळजवळ एकाच क्षणी पुन्हा प्रसारित करतात, त्यानंतर दुसरी फेरी होते, आणि अनेक राज्यांची वाहिनी काही सेकंद व्यापली जाते. त्या वेळात इतरांची पॅकेटे चिरडली जातात आणि फुग्याच्या आपल्याच प्रती एकमेकींवर आदळतात. फुगेवाल्याला हे दिसत नाही, कारण इंटरनेटवरचे सर्व्हर दुबार पॅकेटे गाळतात आणि नकाशावर एकच स्वच्छ ठिपका उमटतो. दुसऱ्यांच्या वाहिनीवर आपण किती भार टाकतो हे आपल्याच पडद्यावर दिसत नाही, म्हणूनच ही सेटिंग इतकी वर्षे चुकीची राहते, आणि माझ्या मते हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नसून सामायिक वाहिनीवरच्या वर्तनाचा प्रश्न आहे.

इलाज साधा आहे. १,५०० मीटरच्या वर पाथ रिकामा ठेवावा. त्या उंचीवरून पॅकेट थेट अनेक आयगेटांना ऐकू जाते आणि पुनःप्रसारणाची गरज उरत नाही. त्या खाली, चढताना आणि उतरताना, एकच वाइड२-१ पुरतो. जिथे खरोखर पूरक डिजिपीटरचीच मदत आहे अशा दरीत वाइड१-१ चालेल. ट्रॅकरला उंचीप्रमाणे पाथ बदलता येत नसेल तर संपूर्ण उड्डाण रिकाम्या पाथवर करावे. रिले आणि ट्रेस हे पाथमधले जुने शब्द जुन्या कोडमध्ये अजून सापडतात. ते काढून टाकावेत.

पाथ सुधारूनही काही पॅकेटे हरवणारच, आणि त्याचे कारण समजून घेतले तर अनावश्यक बदल टळतात. बहुतेक ट्रॅकरांत ग्राहक नसतो, त्यामुळे वाहिनी मोकळी आहे का हे न ऐकताच ते बोलतात. ऐकणारा आयगेट शहरात असेल तर त्याच्या जवळची गाडी फुग्यापेक्षा कितीतरी पट जोरात ऐकू येते, आणि एफएम ग्राहक दोन संकेतांपैकी जोरकस असलेलाच पकडतो. ताकद वाढवून यावर मात करता येत नाही. ३०० मिलिवॉट पुरेसे आहेत: ५०० किलोमीटरवर १४४ मेगाहर्ट्झचा मोकळ्या अवकाशातला ऱ्हास सुमारे १३० डेसिबल येतो, म्हणजे आयगेटापर्यंत सुमारे उणे १०५ डीबीएम पोचतात, आणि शांत जागचा ग्राहक त्यातून पॅकेट उलगडू शकतो. मिनिटाला एक पॅकेट पाठवावे, आणि गर्दीच्या प्रदेशात मधल्या उंचीवर दोन मिनिटांना एक. अमेरिकेत काही फुगेवाले गट मुख्य वाहिनी टाळून १४४.३४० मेगाहर्ट्झ वापरतात. तिथे गर्दी नसते, पण आयगेटही कमी असतात, म्हणून आधी ऐकणाऱ्यांची जुळवाजुळव करावी लागते.

एकाच फुग्यावर मुख्य आणि राखीव असे दोन ट्रॅकर असतील तर त्यांच्या वेळा अवश्य तपासाव्यात. दोन्ही जीपीएसच्या घड्याळावर मिनिटाच्या शून्याव्या सेकंदाला बोलत असतील तर ते दर वेळी, न चुकता, एकमेकांना बुजवतात आणि दोन्ही मेल्यासारखे वाटतात. एकाला शून्यावा आणि दुसऱ्याला तिसावा सेकंद द्यावा.

पॅकेट कानाला ऐकू येते पण एकही उलगडत नाही, ही स्थिती वेगळी. तिथे बहुधा विचलन, म्हणजे ध्वनीमुळे वारंवारिता मूळ जागेपासून जितकी हलते ते, जास्त असते. ३ ते ३.५ किलोहर्ट्झ विचलन योग्य आहे. मापनयंत्र नसेल तर दुसऱ्या रेडिओवर ऐकत ट्रॅकरची ध्वनिपातळी वाढवत जावी. आवाज वाढायचा थांबेल तिथून तो ऐकून अर्धा वाटेल इतका खाली आणावा. प्रक्षेपक मॉड्यूल अरुंद पट्ट्यावर ठेवलेले असेल तर ते रुंद करावे. पुढे १,२०० आणि २,२०० हर्ट्झच्या दोन स्वरांची पातळी साधारण सारखी आहे का हे डायर वुल्फच्या नोंदीतल्या दोन अंकांवरून पाहावे. ग्राहकाचा स्क्वेल्च (संकेत नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा ठेवावा, नाहीतर तो उघडेपर्यंत पॅकेटाची सुरुवात निघून जाते. सुरुवातीचा इशारा ३०० मिलिसेकंदांपेक्षा कमी ठेवू नये.

उंचीवर हळूहळू उकल बंद पडत गेली आणि खाली येताना पुन्हा सुरू झाली, तर वारंवारिता सरकल्याचा संशय घ्यावा. साध्या स्फटिकाची अचूकता दशलक्षात २० भाग धरली तर १४४.३९० मेगाहर्ट्झवर जवळजवळ २.९ किलोहर्ट्झची चूक होते, आणि ती पॅकेट बिघडवायला पुरेशी आहे. तापमान-भरपाई असलेला, दशलक्षात अडीच भागांचा आंदोलक हीच चूक ३६० हर्ट्झवर आणतो. फ्रीझरच्या चाचणीत हेही आपोआप तपासले जाते.

अँटेनाबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. उभी टांगलेली तार खालच्या दिशेला जवळजवळ काहीच प्रक्षेपित करत नाही, म्हणून फुगा नेमका डोक्यावर असताना गाडीतल्या ग्राहकाला तो ऐकू न येणे हा बिघाड नाही. दूरचा आयगेट त्याच वेळी तो व्यवस्थित ऐकत असतो.

विमाने, ग्लायडर आणि परवानगी

विमानात उंची कमी असते आणि जीपीएसची मर्यादा आड येत नाही, पण पाथचा नियम तोच लागू होतो. तिथला खास दोष म्हणजे स्मार्ट बीकनिंग. ही पद्धत गाडीसाठी बनली: वेग वाढला की पॅकेटे वाढतात आणि वळण घेतले की एक जादा पॅकेट जाते. ग्लायडर ऊष्ण हवेच्या स्तंभात वीस-तीस सेकंदांत एक घेर घेत वर चढतो, म्हणजे ३० अंशांचे वळण त्याला दोन-तीन सेकंदांत पूर्ण होते. दोन वळणांमधला किमान कालावधी १५ सेकंद ठेवलेला असेल तर तो अख्खा चढाव दर १५ सेकंदांनी प्रक्षेपण करत राहतो, तेही दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर्तुळावर. ग्लायडर आणि पॅराग्लायडरवर वळणाची सोय बंद करून ठरावीक एका मिनिटाचे अंतर ठेवावे.

धातूच्या विमानात हातातला रेडिओ ठेवला तर संकेत खिडकीच्या बाजूलाच जातो. विमान वळले की पॅकेटे बंद पडतात आणि परत वळले की येतात. मार्गाचा नकाशा आणि हरवलेली पॅकेटे शेजारी ठेवून पाहिल्यास हे लगेच उमगते. अमेरिकेच्या नियमांनुसार विमानातल्या हौशी स्थानकाला वैमानिकाची संमती लागते, आणि प्रवासी विमानात असे प्रयोग करूच नयेत. भारतात हौशी परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. आकाशातून प्रक्षेपण करण्यापूर्वी त्यांच्याकडून, आणि फुग्यासाठी विमान वाहतूक यंत्रणेकडून, लेखी उत्तर घेतल्याशिवाय काहीही सोडू नये. ब्रिटनमध्ये हवेतून हौशी प्रक्षेपणाला दीर्घकाळ मनाई होती, म्हणून जगभर तरंगत जाणाऱ्या छोट्या फुग्यांच्या कोडमध्ये देशांच्या सीमा नोंदवून प्रक्षेपण थांबवण्याची आणि प्रदेशाप्रमाणे वारंवारिता बदलण्याची सोय असते. असा फुगा समुद्रावरून पुढे गेल्यावर अचानक गप्प झाला तर आधी हा तक्ता तपासावा.

परवानगीच्या प्रतीक्षेत असलेल्यांना आपली ग्रहणाची बाजू पारखण्यासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा १४५.८२५ मेगाहर्ट्झवरचा डिजिपीटर उपयोगी पडतो. तो चालू असेल तेव्हा महाराष्ट्रावरून जाताना त्याची पॅकेटे साध्या अँटेनावरही उलगडतात. १ एप्रिल २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी४५ च्या चौथ्या टप्प्यावर अ‍ॅमसॅट इंडिया या हौशी रेडिओ उपग्रह संस्थेचा एपीआरएस उपक्रम अवकाशात गेला होता, आणि भारतातल्या अनेकांना पॅकेट रेडिओची गोडी त्या निमित्ताने लागली असेल.

उतरतानाची शेवटची मिनिटे

फुगा फुटल्यावर इंटरनेटवरचे शेवटचे पॅकेट काही शे मीटर उंचीचे असते आणि नंतर शांतता, हेही नेहमीचे गाऱ्हाणे आहे. ३०० मीटरवर सूत्राप्रमाणे क्षितिज ७१ किलोमीटर येते, पण प्रत्यक्षात डोंगर आणि झाडे त्याआधीच आड येतात. पॅराशूट सेकंदाला पाच मीटरने उतरत असेल तर एका मिनिटाच्या अंतरात ते ३०० मीटर खाली येते, आणि सेकंदाला आठ मीटर वारा असेल तर तेवढ्यात ४८० मीटर आडवे जाते. म्हणून १,५०० मीटरच्या खाली, उतरताना, अंतर २० सेकंदांवर आणावे; या उंचीवर वाहिनीवरचा भार स्थानिकच राहतो. गाडीने तोवर अंदाजित जागेपासून दहा किलोमीटरच्या आत, शक्यतो उंचवट्यावर, पोचलेले असावे आणि इंटरनेटवर विसंबून न राहता थेट ऐकावे.

पॅकेटे मागच्या जागेवर उडी मारत असतील तर एखादा आयगेट अडकलेली जुनी पॅकेटे उशिराने सोडत असतो. पॅकेटात जीपीएसची वेळ घातलेली असेल तर अशी शिळी पॅकेटे लगेच ओळखता येतात आणि शोधाची दिशा चुकत नाही. जमिनीवर आडव्या पडलेल्या तारेचा संकेत काहीशे मीटरच जातो, म्हणून शेवटच्या तीन पॅकेटांवरून उतरण्याचा वेग आणि वाऱ्याची दिशा काढून, ती रेषा जमिनीच्या त्या ठिकाणच्या उंचीपर्यंत वाढवून, शोध तिथून सुरू करावा. समुद्रसपाटीपर्यंत वाढवू नये. पठारावर त्यानेच अर्ध्या किलोमीटरहून अधिक चूक होते. ट्रॅकर उतरल्यावर किमान सहा तास दर पाच मिनिटांनी बोलत राहील इतकी बॅटरी शिल्लक ठेवावी.